भित्तिका तीच, बंध तोच, तरी एक एन्झाइम चालतं आणि दुसरं अडतं: ओळख नेमकी होते कुठे?

आडवादुवा

जिवाणूंची पेशीभित्तिका तोडणाऱ्या एन्झाइमांबद्दलचं बरंचसं लिखाण सक्रिय जागेपाशी येऊन थांबतं. सक्रिय जागा बंध ओळखते, तोडते, संपलं. हे अपुरं आहे, आणि ते दोन नळ्यांत दिसतं. एका नळीत मायक्रोकॉकस ल्यूटियस घ्या, दुसरीत स्टॅफिलोकॉकस ऑरियस. दोन्हींत कोंबडीच्या अंड्यातलं लायसोझाइम घाला. पहिली नळी काही मिनिटांत निवळते, दुसरी ढिम्म. आता लायसोझाइमऐवजी लायसोस्टॅफिन घ्या, निकाल बरोबर उलटा लागतो. गंमत अशी की लायसोझाइम जो बंध तोडतं तो दोन्ही जिवाणूंच्या भित्तिकेत भरपूर आहे.

पुढच्या चर्चेला सोयीचं म्हणून पाया थोडक्यात. पेप्टिडोग्लायकॅनच्या (म्हणजे ज्या जाळ्याची जिवाणूंची भित्तिका बनते त्याच्या) साखळीत दोन शर्करा आलटून पालटून येतात: एन-अ‍ॅसिटिलग्लुकोसामाइन (पुढे नॅग) आणि एन-अ‍ॅसिटिलम्युरामिक आम्ल (पुढे नॅम). मधले बंध बीटा-१,४. प्रत्येक नॅमला पेप्टाइडची एक दांडी लटकते: एल-अ‍ॅलानिन, मग गॅमा बंधाने जोडलेलं डी-ग्लुटामिक आम्ल, तिसऱ्या जागी एल-लायसिन किंवा मेसो-डायअमिनोपिमेलिक आम्ल, चौथ्या जागी डी-अ‍ॅलानिन. पाचवं डी-अ‍ॅलानिन दुवा जोडताना गळून पडतं. ई. कोलायमध्ये शेजारच्या दोन दांड्या थेट एकमेकींना जोडलेल्या असतात. स्टॅफ ऑरियसमध्ये मध्ये पाच ग्लायसिनांचा पूल असतो.

कातरणारे चार प्रकारचे. नॅम आणि नॅग यांच्यामधला बंध तोडणारी म्युरामिडेज (लायसोझाइम हे त्यातलंच) आणि लायटिक ट्रान्सग्लायकोसिलेज. नॅग आणि नॅम यांच्यामधला, म्हणजे उलट्या बाजूचा बंध तोडणारी ग्लुकोसामिनिडेज. नॅमपासून पेप्टाइड दांडी सोडवणारी अमिडेज. आणि दांडीत किंवा पुलात कुठेतरी घाव घालणारी एंडोपेप्टिडेज.

मग एन्झाइमला 'ही माझी भित्तिका' हे कळतं कशावरून? आणि ते प्रयोगात मोजायचं तर कोणती चाचणी कुठे फसवते? दोन्हींवर लिहा.

चिमटा

लायसोझाइमपासून सुरुवात करतो, कारण त्याची ओळख सगळ्यांत नीट समजलेली आहे. फ्लेमिंगने ते १९२२ साली वर्णन केलं आणि डेव्हिड फिलिप्सच्या गटाने १९६५ मध्ये त्याची त्रिमितीय रचना काढली. रचना कळलेलं ते पहिलं एन्झाइम. १२९ अमिनो आम्लं, १४.३ किलोडाल्टन. त्याच्या खाचेत सहा शर्करा ओळीने बसतात, त्या जागांना ए ते एफ म्हणतात. घाव डी आणि ई यांच्यामध्ये पडतो, काम करतात ग्लुटामेट ३५ आणि अ‍ॅस्पार्टेट ५२.

आता ओळखीचा मुद्दा. नॅमवर लॅक्टिल गट असतो, तो सी जागेत मावत नाही. म्हणून नॅम फक्त बी, डी आणि एफ या जागांतच बसू शकतं, आणि घाव आपोआप नॅमच्या पुढच्या बाजूला, म्हणजे नॅम-नॅग बंधावरच पडतो. नॅग-नॅम बंध रसायनाच्या दृष्टीने जवळजवळ सारखाच असून वाचतो, तो एका गटाच्या अडचणीमुळे. ओळख म्हणजे कुठे काय चिकटतं इतकंच नाही, कुठे काय मावत नाही हेही आहे.

स्टॅफ ऑरियस वाचतो तोही याच न्यायाने. त्याचं ओएटीए नावाचं एन्झाइम (ओ-अ‍ॅसिटिलट्रान्सफरेज ए) नॅमच्या सहाव्या कार्बनवरच्या हायड्रॉक्सिलला अ‍ॅसिटिल गट लावतं. तो गट लायसोझाइमच्या खाचेत अडथळा होतो. शिवाय भित्तिकेला जोडलेलं टायकोइक आम्ल (फॉस्फेटयुक्त लांब साखळ्या) आणि दाट आडवे दुवे यांचाही वाटा आहे, त्यामुळे फक्त ओएटीए काढून टाकल्यावर जिवाणू मायक्रोकॉकससारखा पटकन विरघळेल अशी अपेक्षा ठेवू नये. लिस्टेरिया आणि न्यूमोकॉकस दुसरी युक्ती करतात: नॅगवरचा एन-अ‍ॅसिटिल गटच काढून टाकतात. लायसोझाइमची पकड त्या गटावर बरीच अवलंबून असते.

शेवाळी

सहाव्या कार्बनच्या मुद्द्याला जोडून. लायटिक ट्रान्सग्लायकोसिलेजसाठी तो अ‍ॅसिटिल गट नुसती अडचण नाही, पूर्ण बंदी आहे. ही एन्झाइमं बंध पाण्याने तोडत नाहीत. नॅमचाच सहाव्या कार्बनवरचा हायड्रॉक्सिल वळून स्वतःच्या पहिल्या कार्बनवर हल्ला करतो आणि १,६-अनहायड्रोनॅम तयार होतं. तो हायड्रॉक्सिल अ‍ॅसिटिलने झाकला की हल्ला करायला कोणी उरतच नाही. निसेरियासारखे जिवाणू याचाच नियंत्रण म्हणून उपयोग करतात: अ‍ॅसिटिल लावून ठेवायचं, आणि जिथे कापायचं असेल तिथे एस्टरेज पाठवून काढायचं.

ई. कोलायमध्ये ओ-अ‍ॅसिटिल नसतं, तिथे ट्रान्सग्लायकोसिलेजना आवर घालायचा मार्ग वेगळा.

पिपेट

> लायसोझाइमऐवजी लायसोस्टॅफिन घ्या, निकाल बरोबर उलटा

यावर सविस्तर लिहितो, कारण ओळख आणि घाव हे दोन वेगळे विभाग करतात याचं इतकं स्वच्छ उदाहरण दुसरं नाही.

लायसोस्टॅफिनचं वर्णन १९६४ साली शिंडलर आणि शुहार्ट यांनी केलं. ते बनवतो स्टॅफिलोकॉकस सिम्युलन्स. परिपक्व एन्झाइम २४६ अमिनो आम्लांचं, साधारण २७ किलोडाल्टनचं. पुढच्या टोकाला उत्प्रेरक विभाग: एम२३ कुळातला, मध्ये झिंकचा अणू, ग्लायसिन-ग्लायसिन बंध तोडणारा. मागच्या टोकाला ९२ अमिनो आम्लांचा एसएच३बी विभाग, जो काहीही कापत नाही, फक्त धरतो. दोन्हींच्या मध्ये एक लवचिक दोर.

मागचा विभाग कापून टाकला तर काय होतं? उत्प्रेरक विभाग पेंटाग्लायसिन तोडतच राहतो, पण स्टॅफ ऑरियस आणि ज्याने एन्झाइम बनवलं तो सिम्युलन्स यांतला फरक त्याला कळेनासा होतो. म्हणजे कातरीची धार शाबूत, निवड गेली.

एसएच३बी नेमकं काय धरतो? त्याच्यावर दोन जागा आहेत. एक पेंटाग्लायसिन पुलासाठी, लांबट उथळ खाच, जिच्यात बाजूच्या साखळ्या नसलेली ग्लायसिनंच सरळ झोपू शकतात. एखादं सेरीन आलं की त्याचा हायड्रॉक्सिमिथिल गट आड येतो. दुसरी जागा पेप्टाइड दांडीसाठी. दोन्ही जागांची स्वतंत्र पकड सैल आहे. पण भित्तिकेत पूल आणि दांड्या एकमेकांना खेटून असतात, त्यामुळे एक सुटली तरी दुसरी धरून असते आणि एन्झाइम पृष्ठभागावर सरकत राहतं. पकड घट्ट असती तर ते एकाच जागी अडकून बसलं असतं. 'जितकं घट्ट बांधलं तितकं चांगलं' हा समज या कुळाला लागू नाही. कुलूप-किल्लीची उपमा इथे निम्मीच उपयोगाची.

सिम्युलन्स स्वतः का मरत नाही? लायसोस्टॅफिनच्या जनुकाशेजारीच त्याच्याकडे एक प्रतिकार जनुक असतं. ते पुलातल्या काही ग्लायसिनांच्या जागी सेरीन घालतं. स्टॅफ एपिडर्मिडिसच्या पुलातही सेरीन असतं, म्हणून तो लायसोस्टॅफिनला ऑरियसपेक्षा कमी दाद देतो. मात्रा ठरवताना हे लक्षात ठेवा.

आणि ऑरियसने प्रतिकार मिळवलाच तर? फेमए जनुक बिघडलं की पूल पाचाऐवजी एकाच ग्लायसिनचा उरतो. लायसोस्टॅफिनला तोडायला ग्लायसिन-ग्लायसिन बंधच मिळत नाही. पण इतक्या तोकड्या पुलाने भित्तिका नीट विणली जात नाही, आणि तोच जिवाणू बीटा-लॅक्टम प्रतिजैविकांना कमालीचा संवेदनशील होतो.

निरीक्षक

वाचतोय. एक शंका. उत्प्रेरक विभाग एकटा पुरेसा असेल तर धरणाऱ्या विभागाची गरज फक्त निवडीसाठी, की वेगासाठीही?

पिपेट

दोन्हींसाठी, आणि ते द्रावणातल्या क्षारावर अवलंबून. ऑरियसचंच स्वतःचं भित्तिका तोडणारं एन्झाइम लायटीएम घ्या. त्याचा उत्प्रेरक विभाग लायसोस्टॅफिनचा जवळचा नातेवाईक, पण त्याला एसएच३बी नाही. ५० मिलिमोलर ग्लायसिन बफर, पीएच ८, मीठ जवळजवळ शून्य, अशा वातावरणात तो झकास चालतो. शरीरातल्या इतकं मीठ घातलं की जवळजवळ बंद. त्यालाच लायसोस्टॅफिनचा एसएच३बी जोडला की त्या मिठातही चालायला लागतो. कमी मिठात प्रथिनाचा आणि भित्तिकेचा विद्युतभारच दोघांना जवळ आणतो. मिठाने ते आकर्षण झाकलं की धरणाऱ्या विभागाशिवाय भागत नाही.

व्यवहारात याचा अर्थ: दोन एन्झाइमांची तुलना एकाच बफरमध्ये केली आणि एक 'निकामी' ठरवलं, तर तो निकाल एन्झाइमचा नसून मिठाचा असू शकतो. निदान ०, ५० आणि १५० मिलिमोलर सोडियम क्लोराइड अशा तीन पातळ्यांवर मोजा.

खलबत्ता

धरणाऱ्या विभागांची यादी फार लांब आहे, पण तीन नोंदवण्यासारखे.

लायसएम: चाळीस-पन्नास अमिनो आम्लांचा, नॅगच्या ओळी धरतो. कायटिनही नॅगचंच, म्हणून तो विभाग कायटिनलाही चिकटतो.

एसपीओआर: हा पेप्टाइड दांड्या उतरवलेल्या 'नागड्या' साखळ्या धरतो. अशा साखळ्या पेशी दुभंगण्याच्या पट्ट्यात अमिडेज काम करून गेल्यावर क्षणभरच असतात. म्हणजे जिथे कापणी चालू आहे तिथेच पुढची मंडळी जमा होतात. विभाजनाचं यंत्र त्या जागी खिळून राहतं ते बऱ्याच अंशी यामुळे.

आणि माझा आवडता, न्यूमोकॉकसच्या लायटए अमिडेजचा कोलीन धरणारा विभाग. लायटए ३१८ अमिनो आम्लांचं. न्यूमोकॉकसच्या टायकोइक आम्लावर फॉस्फोकोलीन लटकलेलं असतं, लायटए तेच धरतं. माध्यमात कोलीनऐवजी इथेनोलामाइन दिलं तर जिवाणू तेच वापरून वाढतो, पण वाढ संपल्यावर विरघळत नाही आणि पेशी एकमेकींपासून न सुटता लांब माळा करतात. अमिडेज जो बंध तोडते तो जसाच्या तसा आहे, बदलली ती फक्त बाजूची सजावट. धाग्याच्या मूळ प्रश्नाचं उत्तर म्हणून मी हाच प्रयोग दाखवीन. पित्तक्षारात न्यूमोकॉकस विरघळतो की नाही ही जुनी ओळखचाचणीही लायटएवरच चालते: डीऑक्सिकोलेट ते एन्झाइम मोकाट सोडतं.

शुद्धीकरणाला ही ओळख आयती वापरता येते. डीईएई-सेल्युलोजवरचा गट कोलीनसारखाच दिसतो. पेशींचा अर्क स्तंभावर सोडा, १.५ मोलर सोडियम क्लोराइडने धुवा (विद्युतभाराने चिकटलेलं सगळं निघून जातं, लायटए राहतं), मग २ टक्के कोलीन क्लोराइडने उतरवा. उतरवल्यानंतर कोलीन डायलिसिसने पूर्ण काढा. राहिलं तर तेच धरणारा विभाग अडवून बसतं आणि शुद्ध एन्झाइम निष्क्रिय दिसतं.

आडवादुवा

उत्तम. आता मोजमापाकडे. गढूळपणा उतरण्याची चाचणी सगळेच करतात, तिची नीट कृती आणि खाचखळगे कोणी लिहील का?

द्रावण

लायसोस्टॅफिन आणि ऑरियससाठी लिहितो, बाकीच्यांसाठी बफर बदला.

वाढ जोमात असताना, ओडी ६०० (६०० नॅनोमीटरला मोजलेला गढूळपणा) साधारण ०.५ ते ०.६ असताना पेशी गोळा करा. रात्रभर वाढवलेल्या पेशींची भित्तिका जाड असते, त्या सावकाश विरघळतात. चालतील, पण मग सगळे प्रयोग तसेच करा. पेशी दोनदा थंड बफरने धुवा. बफर: ५० मिलिमोलर ट्रिस, पीएच ७.५, १५० मिलिमोलर सोडियम क्लोराइड. शेवटी ओडी १.० च्या जवळ आणा. ३७ अंशांवर पाच मिनिटं ठेवा, मग लायसोस्टॅफिन १ ते ५ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर. दर १५ ते ३० सेकंदांनी वाचन, अर्धा तास.

तुलनेसाठी तीन नळ्या हव्यातच: एन्झाइम नसलेली, उकळलेलं एन्झाइम घातलेली, आणि पेंटाग्लायसिन नसलेल्या जिवाणूची (मायक्रोकॉकस चालतो). पहिल्या नळीचा ओडी आपोआप उतरत असेल तर ती पेशींची स्वतःची ऑटोलायसिनं (आपलीच भित्तिका तोडणारी एन्झाइमं) आहेत. ती वजा करा, किंवा उष्णतेने मारलेल्या पेशी घ्या.

आता कुठे फसतं ते.

पहिल्या काही मिनिटांत आलेख सपाट राहतो. एन्झाइम झोपलेलं नसतं. भित्तिका फाटायला पुष्कळ घाव साठावे लागतात, त्याआधी ओडीला काही कळत नाही. म्हणून वेग मोजायचा तो सपाट भाग संपल्यावरच्या सर्वांत तीव्र उतारावरून, पहिल्या मिनिटावरून नाही.

उतार ओडी ०.८ वरून ०.५ वर येऊन अडकला तर लगेच एन्झाइम संपलं म्हणू नका. तळाशी बघा: फुटलेल्या पेशींचा डीएनए चिकट जाळं करतो आणि न फुटलेल्या पेशी त्यात गोळा होतात. डीएनेज १० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर आणि ५ मिलिमोलर मॅग्नेशियम क्लोराइड घालून पुन्हा चालवा. उतार पुढे गेला तर कारण तेच होतं.

ओडी उतरणं म्हणजे मरणंच असं नाही आणि उलटही नाही. पेशींच्या साखळ्या सुट्या झाल्या किंवा पेशी तळाला बसल्या तरी ओडी हलतो. प्लेटमध्ये मोजत असाल तर प्रत्येक वाचनाआधी हलवा. २०० मायक्रोलिटरमध्ये प्रकाशाचा मार्ग १ सेंटिमीटर नसतो, साधारण निम्मा असतो. क्युव्हेटमधल्या आकड्यांशी थेट ताडून पाहू नका. आणि ओडी १ च्या वर ओडी आणि पेशींची संख्या यांचं नातं सरळ राहत नाही.

चिमटा

एककांबद्दल एक कळकळीची सूचना. बाटलीवर 'इतकी एककं' लिहिलेलं असतं त्यावरून लायसोझाइम आणि लायसोस्टॅफिन यांची तुलना करू नका. लायसोझाइमचं रूढ एकक म्हणजे मायक्रोकॉकसच्या द्रावात ४५० नॅनोमीटरला, पीएच ६.२४ आणि २५ अंशांवर, मिनिटाला ०.००१ इतकी घट. लायसोस्टॅफिनचं रूढ एकक म्हणजे ऑरियसच्या ६ मिलिलिटर द्रावाची ६२० नॅनोमीटरची गढूळता ३७ अंशांवर १० मिनिटांत ०.२५० वरून ०.१२५ वर आणणं. पदार्थ वेगळा, तापमान वेगळं, मोजमाप वेगळं. अहवालात मायक्रोग्रॅम किंवा नॅनोमोलर लिहा.

निरीक्षक

लायसोस्टॅफिन झिंकवर चालतं, तर ईडीटीए (धातू पकडून ठेवणारं रसायन) असलेल्या बफरमध्ये डीएनए काढायला ते कसं काय वापरतात? १० मिलिमोलर ट्रिस, १ मिलिमोलर ईडीटीए, त्यात १०० ते २०० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर लायसोस्टॅफिन, ३७ अंश, अर्धा तास, ही कृती तर सर्रास दिसते.

पिपेट

कारण झिंक घट्ट धरलेलं असतं आणि अर्धा तास हा त्याला ओढून काढायला थोडा वेळ आहे. शिवाय त्या कृतीत एन्झाइमची मात्रा ओडी चाचणीच्या कितीतरी पट असते, थोडं निकामी झालं तरी निभावतं. यातून निघणारा धडा वेगळा आहे: 'ईडीटीएने थांबलं नाही, म्हणजे धातूचं एन्झाइम नाही' असा निष्कर्ष काढू नका. १,१०-फिनँथ्रोलीन वापरून बघा, ते झिंकवर जास्त नेमकं चालतं. आणि मग झिंक परत घालून क्रिया परत येते का तेही बघा. परत घालताना मायक्रोमोलरमध्ये घाला. मिलिमोलरच्या घरात झिंक गेलं की ते स्वतःच एन्झाइम अडवतं. फॉस्फेट बफरमध्ये तर ते साक्यासारखं खाली बसतं.

साठवणीसाठी: २० मिलिमोलर सोडियम अ‍ॅसिटेट, पीएच ४.५, छोट्या कुप्यांत, उणे २० अंशांवर. पुन्हा पुन्हा वितळवू नका.

शेवाळी

ग्रॅम-ऋण जिवाणूंवर काम करणाऱ्यांसाठी. बाहेरचं पटल मध्ये असताना एन्झाइम भित्तिकेपर्यंत पोचतच नाही, त्यामुळे 'चाललं नाही' याला काही अर्थ नाही. एकतर पेशी क्लोरोफॉर्मने संपृक्त केलेल्या ५० मिलिमोलर ट्रिस (पीएच ७.७) मध्ये ४५ मिनिटं ठेवा, मग धुऊन वापरा. किंवा ३० मिलिमोलर ट्रिस पीएच ८, २० टक्के सुक्रोज, १ मिलिमोलर ईडीटीए आणि लायसोझाइम अशी जुनी वाट धरा. दुसऱ्या पद्धतीत ओडी बिलकुल हलत नाही, तरी भित्तिका गेलेली असते: सुक्रोजमुळे पेशी गोलसर होऊन शाबूत राहते. थोडासा द्राव पाण्यात दहापट पातळ करा, एका क्षणात निवळतो. सुक्रोजमध्ये ओडी मोजून लायसोझाइम निकामी ठरवलेले अहवाल वाचले की वाईट वाटतं.

खलबत्ता

ओडीवर फार विसंबू नये असं वाटत असेल तर शुद्ध भित्तिका काढा. ऑरियससाठी:

पेशी बर्फात झटकन थंड करा, नाहीतर गोळा करेपर्यंत ऑटोलायसिनं काम सुरू करतात. उकळत्या ८ टक्के एसडीएसमध्ये (तीव्र डिटर्जंट) तितक्याच आकारमानाचा पेशींचा द्राव थेंबथेंब सोडा, म्हणजे शेवटी ४ टक्के होईल. अर्धा तास उकळा. पेशी ०.१ मिलिमीटरच्या काचमण्यांनी फोडा. हळू गतीवर (२,००० जी) न फुटलेल्या पेशी आणि मणी खाली बसवा, वरचं द्रावण घेऊन २५,००० ते ३०,००० जी वर भित्तिका बसवा. एसडीएस जाईपर्यंत कोमट पाण्याने पाच-सहा वेळा धुवा. थंडीत धुऊ नका आणि एसडीएस असेपर्यंत पोटॅशियम फॉस्फेट वापरू नका. पोटॅशियम डोडेसिल सल्फेटचा पांढरा गाळ भित्तिकेसारखाच दिसतो आणि तुम्ही तोच वजन करून बसता.

मग डीएनेज १० आणि आरएनेज ५० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर, २० मिलिमोलर मॅग्नेशियम सल्फेटसह, ३७ अंशांवर दोन तास. नंतर ट्रिप्सिन १०० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर, १० मिलिमोलर कॅल्शियम क्लोराइडसह, रात्रभर. शेवटी १ टक्का एसडीएसमध्ये पंधरा मिनिटं उकळून सगळी एन्झाइमं मारा, ८ मोलर लिथियम क्लोराइड आणि मग १०० मिलिमोलर ईडीटीए, पाणी, अ‍ॅसिटोन, पुन्हा पाणी.

टायकोइक आम्ल काढायचं असेल तर ४८ टक्के हायड्रोफ्लोरिक आम्ल, ४ अंशांवर ४८ तास, फक्त पॉलिप्रोपिलीनच्या नळीत (काच खातं), फ्यूम हुडमध्ये, दुहेरी हातमोजे, कॅल्शियम ग्लुकोनेट मलम हाताशी. एकट्याने करू नये.

इथे धाग्याचा मुद्दा परत येतो. टायकोइक आम्ल काढलेली भित्तिका 'जास्त शुद्ध' खरी, पण लायटएसाठी ती भित्तिकाच नव्हे: धरायची खूणच गेली. उलट ऑरियसच्या एटीएल या ऑटोलायसिनसाठी टायकोइक आम्ल हा अडसर असतो. भित्तिकेला जोडलेलं टायकोइक आम्ल जुन्या भागावर एटीएलला टिकू देत नाही, म्हणून ते दुभंगण्याच्या पट्ट्याजवळ जमतं. ते आम्ल नसलेल्या पेशीवर एटीएल सगळीकडे पसरतं. एकच कृती एका एन्झाइमचा आकडा शून्यावर आणते आणि दुसऱ्याचा फुगवते.

चिमटा

अशीच आणखी एक मेख, फार कमी लोक लक्षात घेतात. रेमॅझॉल ब्रिलियंट ब्लूने रंगवलेली भित्तिका वापरून ५९५ नॅनोमीटरला सुटलेला रंग मोजायची पद्धत चांगली आहे: पेशी तळाला बसण्याची भानगड नाही, साखळ्या सुट्या होण्याची नाही. पण रंग २५० मिलिमोलर सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये, ३७ अंशांवर तासन् तास चढवतात. ओ-अ‍ॅसिटिल हा एस्टर आहे; इतक्या अल्कलीत तो टिकत नाही. म्हणजे रंगवलेल्या ऑरियस भित्तिकेवर लायसोझाइम चाललं तर त्यावरून जिवंत ऑरियसवर चालेल असं काहीही सिद्ध होत नाही. तुम्ही नकळत त्याचं कवच काढून दिलं आहे. हीच गोष्ट मुद्दाम वापरताही येते: सौम्य अल्कली दिलेली आणि न दिलेली अशा दोन भित्तिका शेजारी ठेवून लायसोझाइमने मोजा, ओ-अ‍ॅसिटिलचा वाटा किती ते वेगळं काढता येतं.

द्रावण

झायमोग्रामबद्दल (जेलमध्येच एन्झाइमची क्रिया दाखवणारी चाचणी) राहिलं. एसडीएस जेलमध्ये मारलेल्या पेशी ०.२ टक्के मिसळायच्या, प्रथिनं चालवायची, मग जेल पाण्याने धुऊन २५ मिलिमोलर ट्रिस पीएच ७.५, १ टक्का ट्रायटन एक्स-१००, १० मिलिमोलर मॅग्नेशियम क्लोराइडमध्ये ३७ अंशांवर रात्रभर. ०.१ टक्का मिथिलीन ब्लू, ०.०१ टक्का पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये, रंगवा. निळ्या जेलवर पारदर्शक पट्टा दिसला की त्या वजनाचं प्रथिन भित्तिका खातं, निदान तसा अंदाज.

अंदाजच. पट्टा न दिसण्याची कारणं: प्रथिन पुन्हा घडी घेत नाही. डायसल्फाइड दुवे असतील (कोंबडीच्या लायसोझाइमला चार आहेत) तर नमुन्यात ते दुवे तोडणारं डीटीटी घालू नका. नमुना बफरमध्ये ईडीटीए असेल तर तो काढा. आणि एन्झाइम दोन वेगळ्या साखळ्यांचं असेल, जसं स्ट्रेप्टोकॉकसच्या फाजचं (जिवाणूला लागणाऱ्या विषाणूचं) प्लायसी (एक कापणारा घटक, आठ धरणाऱ्यांचं कडं), तर एसडीएसमध्ये दोघं वेगळे होऊन वेगवेगळ्या उंचीला जातात. कापणाऱ्याला धरायला कोणी नाही, पट्टा नाही. उलट्या बाजूने, फार अल्कधर्मी प्रथिन रंग बसू देत नाही आणि खोटा पट्टा दिसतो. खात्रीसाठी सक्रिय जागेतलं एक अमिनो आम्ल बदललेलं प्रथिन शेजारच्या रांगेत चालवा. लायसोझाइममध्ये ग्लुटामेट ३५ च्या जागी ग्लुटामीन पुरतं.

निरीक्षक

समजा पट्टा खरा आहे, ओडीही उतरतो. कोणता बंध तुटला हे कसं ठरवायचं?

शेवाळी

उत्पादनं बघून. शर्करेचा बंध तुटला की नवं क्षपणक टोक तयार होतं, फेरिसायनाइडच्या चाचणीत दिसतं. अमिडेज किंवा एंडोपेप्टिडेजने नवे अमिनो गट मोकळे होतात, ते टीएनबीएस या अभिकर्मकाने मोजता येतात. सापळा एकच: ट्रान्सग्लायकोसिलेज साखळी तोडतं पण क्षपणक टोक देत नाही, कारण ते अनहायड्रो रूपात बंद झालेलं असतं. क्षपणक शर्करा वाढत नाही, अमिनो गट वाढत नाहीत, तरी भित्तिका विरघळते, असं दिसलं की संशय तिकडे घ्या.

पक्कं उत्तर वस्तुमानातून. उत्पादन सोडियम बोरोहायड्राइडने पीएच ९ च्या आसपास बोरेट बफरमध्ये क्षपित करा, फॉस्फोरिक आम्लाने पीएच ४ च्या खाली आणून थांबवा (फेस येतो, नळी अर्धी रिकामी ठेवा), मग सी१८ स्तंभ, २०५ नॅनोमीटर. ई. कोलायचं क्षपित डायसॅकराइड-टेट्रापेप्टाइड ९४१.४ डाल्टनचं, त्याचं अनहायड्रो भावंड ९२१.४ चं. तो २० चा फरक म्हणजे ट्रान्सग्लायकोसिलेजची सही.

लायसोस्टॅफिनसारखं फक्त पूल तोडणारं एन्झाइम असेल तर आधी म्यूटॅनोलायसिन या म्युरामिडेजने साखळ्या तोडाव्या लागतात. नाहीतर ग्लायसिनांच्या शेपट्या असलेल्या लांब साखळ्या स्तंभावर नुसता एक कुबड दाखवतात. म्यूटॅनोलायसिन इथे लायसोझाइमपेक्षा बरं, कारण ते ओ-अ‍ॅसिटिल असलेली साखळीही तोडतं.

आडवादुवा

एक बाजू अजून राहिली. ही एन्झाइमं जिवाणूच्या स्वतःच्या घरात रोज वापरात असतात. मग पेशी स्वतःला का फाडत नाही?

खलबत्ता

बहुतेकांना कडी लावलेली असते. ई. कोलायच्या एएमआयए, एएमआयबी, एएमआयसी या अमिडेजमध्ये एक हेलिक्स सक्रिय जागेवर आडवी पडलेली असते. ती हलवायला जोडीदार लागतो: पहिल्या दोघींना एन्व्हसी, तिसरीला एनएलपीडी. हे दोन्ही जोडीदार गंमतीशीर आहेत. ते लायसोस्टॅफिनच्याच कुळातले, पण कातरणारी अमिनो आम्लं गमावलेले. कापत नाहीत, कापायला लावतात. एन्व्हसीला एफटीएसईएक्स हे संकुल विभाजनाच्या जागी आणून जागवतं. लायटीएममध्ये तर कडी प्रथिनाच्याच साखळीत आहे: ११७ व्या क्रमांकाचं अ‍ॅस्पॅराजीन झिंकला धरून बसतं, तो तुकडा बाजूला झाल्याशिवाय झिंकपाशी पाणी पोचत नाही. पूर्ण लांबीचं लायटीएम शुद्ध करून 'चालत नाही' म्हणणाऱ्यांनी आधी हे बघावं. क्रिया हवी तर फक्त उत्प्रेरक विभाग बनवून घ्या.

पिपेट

त्यात भर एवढीच, की अमिडेज शुद्ध करताना निकेल स्तंभ वापरत असाल तर स्तंभातून ईडीटीएने उतरवू नका, इमिडॅझोलनेच उतरवा, आणि नंतर डायलिसिस ५ ते १० मायक्रोमोलर झिंक असलेल्या ट्रिसमध्ये करा. आणि एएमआयए, एएमआयबी किंवा एएमआयसी मोजताना जोडीदार घातलेली आणि न घातलेली अशा दोन नळ्या ठेवा. जोडीदाराशिवायचा आकडा हा त्या अमिडेजचा वेग नसतो, कडी किती सैल आहे त्याचा असतो.